दार उघडले, जिन्याचे काय?

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील न्यायखात्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये काही पोलीस व अग्निशामक दलांवरील दावे काढून घेतले. नोकरभरतीच्या परीक्षा कृष्णवर्णीय उमेदवारांस विनाकारण मागे टाकतात, असा त्या दाव्यांचा आशय होता. इंडियाना संस्थानातील साउथ बेंड शहराचे पोलीस दल हे त्यांपैकी एक होय. पुढे २३ एप्रिल २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी हुकूम काढला. ज्या नियमात भेद करण्याचा हेतू दिसत नाही, परंतु ज्याचा परिणाम एका वर्णाच्या लोकांस अधिक जाचक होतो, अशा नियमांविरुद्ध कायदा चालविण्याचे काम सरकारी खात्यांनी शक्य तितके मागे ठेवावे, असा त्याचा भावार्थ आहे. या हुकमाचे कैवारी म्हणतात की, आता गुणास गुणाची किंमत मिळेल. आमच्याकडील कित्येक सुशिक्षित गृहस्थही पूर्वपीठिका न पाहता या म्हणण्यास मान डोलावतात. म्हणून गुण म्हणजे काय, तो कोणी मोजावयाचा आणि मोजण्याचे माप कोणाच्या हाती असते, याचा इतिहास त्या देशातील मोठ्या शहरांच्या पोलीस दलांवरून वाचकांपुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इतकी खाती असता पोलीस खातेच का घ्यावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. सरकारची इतर खाती नागरिकाच्या दारी क्वचित येतात. पोलीस रोज चव्हाट्यावर उभा असतो. शिपायाच्या कमरेस पिस्तूल असते हे खरे. पण कोणत्या वस्तीत किती शिपाई धाडावयाचे, कोणाची फिर्याद नोंदवावयाची, कोणाची वाऱ्यावर सोडावयाची आणि मर्यादा ओलांडणाऱ्या शिपायास काय शासन करावयाचे, हे ठरविणारे सार्जंट, लेफ्टनंट व कॅप्टन हे असतात. शिपाई कोणत्या वर्णाचा आहे हे रस्त्यावरून दिसते. हुकूम कोण देतो हे दिसत नाही. आणि नागरिकाच्या अब्रूचा व जीविताचा प्रश्न या दुसऱ्या गोष्टीवरच अधिक अवलंबून असतो.

न्यूयॉर्कपासून आरंभ करू. १८९८ साली आसपासची गावे एकत्र होऊन आजचे विशाल न्यूयॉर्क बनले. त्यानंतर त्या शहराच्या पोलीस दलात नव्याने नेमला गेलेला पहिला कृष्णवर्णीय शिपाई म्हणजे सॅम्युअल बॅटल. हा दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलिना संस्थानात १८८३ साली जन्मला व न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात उतारूंचे सामान वाहण्याच्या कामावर होता. ते काम सांभाळून त्याने अभ्यास केला व लेखी परीक्षा उत्तीर्ण केली. तेव्हा खात्याच्या डॉक्टरांनी त्याच्या हृदयात दोष काढला! कृष्णवर्णीय पुढाऱ्यांनी गवगवा केल्यावर फेरतपासणी झाली, हृदय निर्दोष ठरले आणि २८ जून १९११ रोजी त्याची नेमणूक झाली. ठाण्यातील गोऱ्या शिपायांनी त्याच्याशी अबोला धरला. त्यांच्या निजावयाच्या खोलीत त्यास जागा मिळाली नाही. ज्या माळ्यावर निशाणे ठेवीत तेथे तो निजत असे.

इतके सोसूनही दार उघडले होते. प्रश्न आला तो पुढच्या पायरीचा. सार्जंटच्या परीक्षेची तयारी करून घेणारा खाजगी वर्ग पोलिसांत प्रसिद्ध होता. परंतु त्या वर्गात बॅटलला घ्यावयास गोरे विद्यार्थी राजी नव्हते. १९१९ साली हार्लेम वस्तीत खवळलेल्या जमावाच्या हातून एका गोऱ्या शिपायाचे प्राण बॅटलने वाचविले, तेव्हा कोठे त्या वर्गातल्या मंडळींनी त्यास आत घेतले. गोऱ्या उमेदवारास वर्गाची फी भरली की पुरे होते. कृष्णवर्णीयास त्याच वर्गासाठी आपला जीव धोक्यात घालावा लागला. १९२६ साली तो सार्जंट झाला, म्हणजे नेमणुकीनंतर पंधरा वर्षांनी. १९३५ साली लेफ्टनंट झाला व १९४१ साली पॅरोल कमिशनर या मोठ्या जागेवर गेला. ज्याच्या हृदयात दोष आहे म्हणून सांगितले होते, त्याच्यासच १९४३ च्या हार्लेममधील दंग्यात लोकांस शांत करण्यासाठी शहराच्या महापौराने पाचारण केले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

बॅटलचे उदाहरण उत्तरेकडील शहराचे. दक्षिणेकडील अॅटलांटा शहराने तर कृष्णवर्णीय शिपाई नेमले तेच मुळी १९४८ च्या एप्रिलमध्ये, आणि तेही आठ. त्यांना पोलीस कचेरीत येण्याची मनाई होती. बटलर रस्त्यावरील एका ख्रिस्ती तरुण संघाच्या इमारतीच्या तळघरात त्यांचे ठाणे. पोलिसांची मोटार त्यांस चालवावयास मिळत नसे आणि गोऱ्या माणसास अटक करण्याचा अधिकार नव्हता. अंगावर बिल्ला आहे, पण चोराच्या कातडीचा रंग पाहून तो चालतो किंवा चालत नाही, असे हे पोलीसपण! ज्यास अर्ध्या शहरावर अधिकार नाही त्यास अधिकाऱ्याच्या कामाचा अनुभव कोठून मिळावा? आणि अनुभव नाही म्हणून बढती नाही, असे म्हणावयास वरिष्ठ पुन्हा मोकळेच. पश्चिमेकडील लॉस एंजेलिसमध्ये टॉम ब्रॅडली हा गृहस्थ १९४० साली पोलीस झाला. नोकरी करीत असता कायद्याची परीक्षा दिली. १९५८ साली लेफ्टनंट झाला. त्या दलात कृष्णवर्णीयास त्या वेळी याहून वर जाता येईना, म्हणून १९६१ साली त्याने नोकरी सोडली. त्याच शहराच्या मतदारांनी १९७३ साली त्यास महापौर निवडले व तो वीस वर्षे त्या पदावर राहिला. जो शहर चालवू शकला तो पोलीसखात्यात कॅप्टन होण्यास लायक नव्हता, असे कोण म्हणेल?

एकट्यादुकट्याच्या कथांनी न्यायाधीशाचे समाधान होत नाही. त्यास आकडे लागतात. ते १९६८ साली मिळाले. १९६७ च्या उन्हाळ्यात डेट्रॉइट, न्यूअर्क वगैरे शहरांत भयंकर दंगे झाले. एकट्या डेट्रॉइटमध्ये ४३ माणसे मेली. कारणे शोधण्यासाठी अध्यक्ष जॉन्सन यांनी इलिनॉय संस्थानचे गव्हर्नर ओटो कर्नर यांच्या अध्यक्षतेखाली एक कमिशन नेमले. कमिशनला ज्या पोलीस दलांनी आकडे पुरविले, त्यांत दर १२ गोऱ्या पोलिसांमागे एक सार्जंट होता, तर कृष्णवर्णीयांत दर २६ मागे एक. लेफ्टनंट गोऱ्यांत दर २६ मागे एक, कृष्णवर्णीयांत ११४ मागे एक. कॅप्टन व त्यावरील अधिकारी गोऱ्यांत ५३ मागे एक, कृष्णवर्णीयांत २३५ मागे एक. हे आकडे भरतीचे नव्हेत. भरती होऊन आत आलेल्यांचे आहेत. म्हणजे जे दारातून शिरले, त्यांच्याच पायांत जिन्यावर बेड्या होत्या, आणि जसजसा जिना वर जाई तसतशा त्या जड होत.

हा जिना बांधलेला कसा असतो, हे समजल्यावाचून पुढील वाद समजणार नाही. न्यूयॉर्कची रीत घ्या. तेथे शिपायापासून सार्जंट, लेफ्टनंट व कॅप्टन येथवरच्या बढत्या स्पर्धेच्या परीक्षेने होतात. कॅप्टनच्या वर मात्र परीक्षा नाही. तेथे पोलीस कमिशनरची मर्जी चालते. गुप्त तपासाच्या डिटेक्टिव्हची जागाही परीक्षेने मिळत नाही. वरिष्ठ निवडतील तो डिटेक्टिव्ह. तेव्हा जिन्याचे दोन भाग झाले, एक परीक्षेचा व दुसरा मर्जीचा. परीक्षेच्या भागात लेखी गुण, नोकरीची वर्षे, कोठे कोठे वरिष्ठांचे शेरे व तोंडी परीक्षा यांची बेरीज होते व यादी लागते. एका गुणाच्या अंतराने माणूस कित्येक वर्षे खाली राहतो. मर्जीच्या भागात चांगल्या पथकातील नेमणूक, वरिष्ठांची ओळख आणि स्वच्छ सेवापुस्तक यांवर सारे अवलंबून. हे सेवापुस्तक स्वच्छ राहणेही सर्वांस सारखे सुलभ नव्हते. शिस्तभंगाच्या शिक्षा आम्हांसच अधिक कडक होतात, असा न्यूयॉर्कच्या लॅटिन अमेरिकी वंशाच्या व कृष्णवर्णीय पोलिसांचा दावा होता. २००४ साली शहराने तो २ कोटी ६८ लक्ष डॉलर देऊन मिटविला. शिवाय पोलिसाचे निवृत्तिवेतन अखेरच्या वर्षांच्या पगारावर बसते. म्हणजे अडलेली बढती माणसास म्हातारपणापर्यंत महाग पडते, हे आमच्या व्यापारी वाचकांस निराळे सांगावयास नको.

कायदा या जिन्यापर्यंत पोचावयास वेळ लागला. नोकरीत वर्णभेद करू नये असा कायदा १९६४ साली झाला, पण तो खाजगी धंद्यांपुरता होता; संस्थाने व नगरपालिका यांस तो १९७२ साली लागू झाला. मध्यंतरी १९७१ साली ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने एकमताने एक महत्त्वाचे तत्त्व सांगितले. धन्याने कोणतीही परीक्षा खुशाल ठेवावी; परंतु तिच्यामुळे एका वर्णाचे लोक फार मोठ्या प्रमाणावर गळत असतील, तर ती परीक्षा त्या कामाशी खरोखर संबद्ध आहे हे धन्याने दाखवून द्यावे. पेढीवर मुनीम नेमावयाचा तर त्यास जमाखर्च लिहावयास सांगावे हे रास्त. त्याच्याकडून संस्कृत श्लोक म्हणवून घ्यावे आणि नापास झाला म्हणून दारातून परत धाडावे, हे रास्त नव्हे. मग श्लोकांची ती परीक्षा धन्याने दुष्ट हेतूने ठेवली की केवळ वडिलांपासून चालत आली म्हणून, याने बिचाऱ्या उमेदवाराच्या पोटास काय फरक पडतो?

याच्या उलट १९७६ साली वॉशिंग्टन शहराच्या पोलीस भरतीचा खटला निकालात निघाला. तेथील शब्दज्ञानाच्या परीक्षेत कृष्णवर्णीय उमेदवार गोऱ्यांच्या सुमारे चौपट प्रमाणात नापास होत. न्यायालयाने म्हटले की, राज्यघटनेचा भंग सिद्ध करावयाचा तर परिणाम दाखवून भागणार नाही, हेतू दाखविला पाहिजे. त्या परीक्षेचे गुण पोलीस शाळेतील अभ्यासाशी जुळतात, एवढे त्यास पुरेसे वाटले. आम्ही त्या न्यायालयाचा मान राखूनही म्हणतो की, शाळेतील यश व रस्त्यावरील यश या दोन भिन्न वस्तू आहेत. शिवाय हेतू हा मनाच्या तळाशी असतो. तो साक्षीपुराव्याने वर काढणे किती कठीण, हे ज्याने न्यायालयाची पायरी चढली आहे त्यास ठाऊक आहे. हेतूच्या पुराव्याची अट घालणे म्हणजे बहुतेक फिर्यादींस दारातच थांबविणे होय. तरीपण १९६४ च्या कायद्याखाली परिणामाचा पुरावा अजून चालत असे, आणि त्याच आधारावर पुढील लढे झाले.

शिकागोत रेनॉल्ट रॉबिन्सन या तरुण शिपायाने १९६८ साली सोबत्यांसह कृष्णवर्णीय पोलिसांचा संघ काढला. बक्षीस म्हणून त्याच्यावर आरोपांमागून आरोप झाले, आणि एकदा तर मुख्य कचेरीच्या मागील बोळावर पहारा करण्याचे काम त्यास दिले गेले. परंतु १९७६ साली संघ न्यायालयाचे न्यायाधीश प्रेंटिस मार्शल यांनी भरती व सार्जंटची बढती या दोन्हींत भेदभाव झाल्याचा निर्णय दिला, प्रमाण बांधून दिले आणि शहरास मिळणारे मध्यवर्ती सरकारचे कोट्यवधी डॉलर ते अमलात येईतो अडवून ठेवले. तिजोरीस कुलूप लागले तेव्हा न्यायबुद्धी जागी झाली. १९८३ साली फ्रेड राइस हा कृष्णवर्णीय अधिकारी त्याच दलाचा प्रमुख झाला.

अलाबामाचे दल संस्थानचे होते, शहराचे नव्हे. तथापि त्याची हकीकत येथे सांगितलीच पाहिजे. कृष्णवर्णीयांस भरती करा असा हुकूम तेथे १९७२ साली झाला व भरती झालीही. पण १९८३ च्या अखेरीस न्यायाधीशांनी हिशेब पाहिला, तो ६ मेजर, २५ कॅप्टन, ३५ लेफ्टनंट व ६५ सार्जंट यांत कृष्णवर्णीय एकही नाही. ६६ कॉर्पोरलांत चार! अकरा वर्षे लोटली, वायदे झाले, परीक्षा तयार करतो म्हणून मुदती मागितल्या गेल्या. शेवटी न्यायालयाने, लायक माणूस असेल तर एक गोरा व एक कृष्णवर्णीय या क्रमाने बढती द्या, असे फर्माविले. सर्वोच्च न्यायालयाने ते १९८७ साली पाच विरुद्ध चार मतांनी कायम केले. डेट्रॉइटच्या महापौरांनी, कोलमन यंग यांनी, असाच एकाआड एक क्रम १९७४ पासून सार्जंटांसाठी आपण होऊन चालविला होता. दंग्यांच्या वेळी त्या शहराच्या वस्तीत कृष्णवर्णीय तिसऱ्या हिश्शाहून अधिक होते आणि पोलिसांत मात्र शेकडा पाचाच्या आसपास. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

आता प्रतिपक्षाचेही ऐकिले पाहिजे. यादीत वरचे नाव असून ज्याची पाळी गेली, त्या गोऱ्या शिपायाने कोणाचे वाईट केले होते? रात्री जागून त्याने अभ्यास केला, त्याच्या मुलाबाळांनी आशा धरली, आणि पूर्वजांच्या पापाचे प्रायश्चित्त त्याने घ्यावे हे त्यास रुचत नाही. ही तक्रार खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. न्यू हेवन शहराच्या अग्निशामक दलाने २००३ साली बढतीची परीक्षा घेतली. निकालात कृष्णवर्णीय मागे पडलेले पाहून शहराने निकालच रद्द केला. उमेदवारांत एक जण वाचनाच्या दोषाने पीडित होता. त्याने पैसे देऊन पुस्तके ध्वनिफितींवर वाचवून घेतली व अभ्यास केला होता. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराविरुद्ध निकाल दिला. खेळ संपल्यावर नियम बदलणे हे न्यायाचे नव्हे, इतके त्यात खरे आहे.

परंतु त्याच प्रकरणात एक गोष्ट होती, जिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. लेखी परीक्षेस शंभरात साठ व तोंडी परीक्षेस चाळीस हे वजन कामगार संघाशी झालेल्या जुन्या करारातून आले होते. जळती इमारत समोर असता हाताखालच्या माणसांस कसे वागवावे, हे साठ टक्के लेखणीनेच कळते असे कोणी तपासून ठरविलेले नव्हते. जवळच्याच ब्रिजपोर्ट शहराने तोंडी परीक्षेस अधिक वजन दिले, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांत सर्व वर्णांचे लोक वाजवी प्रमाणात दिसू लागले. म्हणजे ज्यास लोक गुण म्हणतात, तो पुष्कळ अंशी मापाचा गुण असतो. दोष परीक्षार्थींचा नव्हता, गोऱ्यांचा नाही आणि काळ्यांचाही नाही. परीक्षेपूर्वी माप न तपासणाऱ्या शहराचा होता.

दुसरा आक्षेप याहून अवघड आहे. कृष्णवर्णीय अधिकारी झाले म्हणून पोलीस न्यायी झाले काय? डेट्रॉइटचा पहिला कृष्णवर्णीय प्रमुख विल्यम हार्ट १९७६ साली नेमला गेला, आणि १९९२ साली खात्याच्या पैशाच्या अपहाराबद्दल तोच दोषी ठरला. जानेवारी २०२३ मध्ये मेम्फिस शहरात एका कृष्णवर्णीय तरुणास पोलिसांनी मारहाण केली व त्यात तो मरण पावला. ते पाचही शिपाई कृष्णवर्णीय होते आणि दलाची प्रमुखही कृष्णवर्णीय स्त्री होती. तेव्हा वर्ण बदलला की स्वभाव बदलतो, असे ज्यांनी सांगितले त्यांनी लोकांस फसविले. परंतु यावरून बढतीतील न्याय निरुपयोगी ठरत नाही. गोऱ्या अधिकाऱ्यांनीही लाच खाल्ली आहे व माणसे मारली आहेत. म्हणून गोऱ्यांस बढती देऊ नये, असा सिद्धान्त कोणी काढलेला आमच्या ऐकिवात नाही. बढती हा शिपायाचा हक्क आहे आणि सुशासन हा नागरिकाचा. पहिला मिळाल्याने दुसरा आपोआप मिळत नाही, पण दुसरा मिळाला नाही म्हणून पहिला बुडविताही येत नाही.

या प्रश्नाकडे आम्ही तटस्थपणे पाहू शकत नाही, याचे कारण आमच्याच इतिहासात आहे. इंग्रजी अमदानीत या देशाच्या पोलीस खात्यातील वरिष्ठ जागांसाठी १८९३ पासून लंडनला परीक्षा होऊ लागली. ती युरोपियनांपुरती राखलेली होती व हिंदी उमेदवारांस पहिल्या महायुद्धानंतर खुली झाली. तेव्हाही गुणाचेच नाव पुढे केले जात होते! शिपाई व जमादार आमचे, हुकूम त्यांचा. मुंबई शहराच्या पोलीस कमिशनरच्या खुर्चीवर पहिला हिंदी माणूस, जे. एस. भरुचा, बसला तो १९४७ साली, म्हणजे राज्यच गेले तेव्हा. ज्यांच्या आजोबांनी ही 'लायकी' सोसली, त्यांनी परदेशातील त्याच शब्दास टाळ्या वाजवाव्या, हे आम्हांस शोभत नाही.

यावर आमचे मत थोडक्यात असे. एकाआड एक बढती देण्याचे उपाय हे औषधासारखे आहेत. रोग सिद्ध झाल्यावर, न्यायाधीशाच्या देखरेखीखाली व ठरावीक मुदतीसाठीच ते द्यावे. रोज घ्यावयाचे अन्न निराळे आहे. परीक्षा काय मोजते हे परीक्षेपूर्वी जाहीर करावे. लेखी, तोंडी व प्रत्यक्ष काम यांचे वजन कामाकडे पाहून ठरवावे. तयारीचे वर्ग खात्याने सर्वांस खुले करावे. कॅप्टनच्या वरच्या नेमणुका व पथकांतील निवड कारणे लिहून कराव्या. आणि कोणत्या पायरीवर कोणत्या समाजाचे किती लोक अडले, याचा हिशेब दरसाल लोकांपुढे ठेवावा. यात गोऱ्या शिपायाचे काही जात नाही. उलट निकाल लागल्यावर तो रद्द होण्याची भीती जाते.

व्यापारी वाचकांच्या दुकानातील तराजू सरकारी निरीक्षक येऊन तपासतो व वजनांवर शिक्का मारतो. दुकानदाराच्या मनात ग्राहकास बुडविण्याचा हेतू होता काय, हे तो विचारीत नाही. वजन कमी भरते की पुरे, एवढेच पाहतो. प्रामाणिक दुकानदारास त्या तपासणीचे भय वाटत नाही. २०२५ च्या हुकमाने बढतीच्या व भरतीच्या तराजूंवरचा हा निरीक्षक मागे खेचला आहे आणि सर्व वजने खरी मानून चला असे ग्राहकास सांगितले आहे. गुणाची खरी चाड ज्यांस असेल, त्यांनी आधी निरीक्षक परत बोलवावा, आणि मग गुणाविषयी बोलावे.